मुक्ताबाईचं नाव

येसुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुडीहत्नूर गावातल्या माझ्या दुकानात बियाण्याची पोती लावत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा पोती लावू लागलो. त्याच्या लांबलेल्या आजारपणानं मीही इतका दमलो होतो, की रडायचंही त्राण उरलं नव्हतं...

माझा हा वर्गमित्र शाळेत मास्तर होता. तरुणपणी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. आई मुक्ताबाई मात्र शेवटपर्यंत तुळशीपुढे दिवा लावत राहिली आणि तशीच गेली. मग एकच प्रश्न त्याला कुरतडू लागला, आई नरकात आहे का? मेलेल्यांसाठी प्रार्थना त्याच्या चर्चच्या मंडळीत चालत नाही. म्हणून रविवारी आजाऱ्यांच्या प्रार्थनेआधी पास्टर ‘आजारी कोण?’ विचारत, तेव्हा हा उठून म्हणे, “मुक्ताबाई.” जुनी माणसं समजून गप्प बसत. नवे तरुण पास्टर आले आणि फळं घेऊन आजारी मुक्ताबाईला भेटायला घरी हजर! मी तिथंच चहा पीत होतो.

“आई कुठं आहेत?”

“तेच तर तुमाले इचारून राह्यलो, पास्टर.”

पास्टर वाईट नव्हते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल उघडून म्हणाले, ख्रिस्तावरच्या विश्वासाशिवाय तारण नाही, मुक्ती नाही. येसुदासनं त्याच शास्त्रातला, हरवलेलं मेंढरू सापडेपर्यंत शोधणारा मेंढपाळ पुढे केला. “माणूस मेला म्हून तो शोधाचं काऊन सोडंल? अन् अक्कल बी देवानंच देल्ली ना? एका जन्माच्या चुकीले सदाची आग, हा कोणता न्याय?”

“आपल्या अकलेनं देवाचं वचन तोलायचं नसतं, मास्तर.”

त्यानंतर कित्येक संध्याकाळी हेच. खरं सांगतो, मला वीट यायचा. मी काही ख्रिस्ती झालो नव्हतो. एकदा चिडून विचारलं, “मंग माहं काय रे?”

“नरकात तुले एकट्याले धाडत नाई बे,” तो हसला.

पास्टर प्रार्थनेत बाकीची नावं घेत, मुक्ताबाईचं गाळत. तरी येसुदास दर रविवारी उठतच राहिला.

दफनानंतरच्या रविवारी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो. येसुदास प्रभूपाशी पोचला, असं पास्टर खात्रीनं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “आजारी कोण?” कोणी ताप सांगितला, कोणी गुडघे. आता तिचं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. तारण, नरक यातलं मला काही कळत नाही. मी उठलो आणि म्हणालो, “मुक्ताबाई.”

पास्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थनेत तिचं नाव घेतलं.