हेल्मेटचं कुलूप

माझा धाकटा भाऊ तसा भोळाच होता. कुणी अडचण सांगितली की खिशात हात घालायचा. पण गाडीला अडकवलेल्या हेल्मेटच्या बाबतीत मात्र सगळं जग त्याला चोर वाटायचं. त्याला कारणही होतं. अंबरनाथ स्टेशनबाहेर स्कूटरच्या आरशाला लटकवलेलं त्याचं नवं कोरं हेल्मेट कुणीतरी उचललं होतं. घरी आल्यावर तो तासभर त्या चोराला शिव्या देत होता. आई म्हणाली, डोकं तरी आणलंस ना घरी, मग झालं. आम्ही हसलो, तो नाही हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं हेल्मेट आणलं आणि सोबत वायरचं एक कुलूप. चार छोट्या फिरत्या चाकांचं, त्यावरचे आकडे जुळवून उघडायचं. डिकीत हेल्मेट मावायचं नाही, कारण तिथे रेनकोट, नटबोल्टचे पाने, पुसायचं फडकं आणि जेवणाचा डबा यांचं कायमचं बिऱ्हाड होतं. मग गाडी लावली की त्याचा कार्यक्रम सुरू व्हायचा. जॅकेट काढायचं, हातमोजे हेल्मेटच्या पोटात कोंबायचे, वायर आधी जॅकेटच्या बाहीतून, मग हेल्मेटच्या तोंडातून काढून सीटमागच्या दांडीला गुंडाळायची, आकडे फिरवायचे आणि दोनदा ओढून बघायचं. कॅम्प पाचच्या बाजारात कापड घ्यायला जा नाहीतर कोपऱ्यावर पाव आणायला, सगळं साग्रसंगीत. मी वैतागायचे. अरे, पाव घ्यायला आलोय, राहायला नाही, असं म्हणायचे. तो म्हणायचा, ताई, तू हो पुढे. मी पाव घेऊन परत यायचे तेव्हा कुठे तो उभा राहून हात झटकत असायचा.

अंबरनाथच्या ज्या कंपनीत तो कामाला होता तिथे एका सकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं. बरोबरच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी बदलापूरहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पस्तिशीही गाठली नव्हती त्याने. लग्न करीन, करीन म्हणत होता.

दोन दिवसांनी कंपनीच्या वॉचमनचा फोन आला, गाडी शेडमध्ये उभी आहे, घेऊन जा. किल्ली त्याच्या पँटच्या खिशात मिळालेली होती. माझे मिस्टर जाऊन स्कूटर कॅम्प चारला, आई आणि तो राहायचे त्या बिल्डिंगखाली घेऊन आले. मी गॅलरीतून पाहिलं. मागच्या दांडीला त्याचं हेल्मेट, त्याचं जॅकेट, सगळं त्याने त्या सकाळी बांधलं होतं तसंच. कुलूप लागलेलं. तोवर मी धीराने घेत होते, माणसांना चहा-पाणी बघत होते. ते हेल्मेट बघितल्यावर मी तिथेच खाली बसले. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर काढून घालायचं म्हणून त्याने ते बांधून ठेवलं होतं.

आकडा कुणालाच माहीत नव्हता. आम्ही त्याची जन्मतारीख लावून पाहिली, गाडीचा नंबर लावला, चौदा एप्रिल लावून पाहिलं. आईची जन्मतारीख तिलाच नक्की माहीत नाही, त्यामुळे ती वाट बंदच. मिस्टर म्हणाले, एवढं काय त्यात, पक्कड आणतो, मिनिटात तुटेल. त्यांचं बरोबरच होतं. माझ्याही हाताशी असती तर मीच तोडलं असतं. मला कामं उरकायची सवय आहे.

आई मध्ये उभी राहिली.

"कापायचं नाय. चोर कापतात. आपण घरची माणसं आहोत. मी बघते एकेक आकडा लावून."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि आईचं ते सुरू झालं. संध्याकाळची वंदना झाली की चष्मा लावायचा, प्लॅस्टिकचं स्टूल घ्यायचं आणि खाली स्कूटरच्या मागे जाऊन बसायचं. तळमजल्यावरचे किराणावाले सिंधी काका तिच्यासाठी बाहेरचा दिवा लावून ठेवत. दुकान बंद करताना विचारत, "अम्मा, खुला क्या?" ती मान हलवायची आणि स्टूल उचलून वर यायची.

मी दर रविवारी जायचे आणि दर रविवारी चिडायचे. तिचं जेवण कमी झालं होतं. तो गेल्यापासून ती एकदाही मोकळेपणी रडली नव्हती, आणि मला त्याची भीती वाटत होती. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी लई खंबीर आहे हो. मला ते खंबीर वगैरे काही दिसत नव्हतं. मला दिसायची ती स्टुलावर वाकलेली पाठ. पावसाळ्यात ती त्या हेल्मेटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, वर छत्री धरून बसायची. जॅकेटला बुरशी धरली तर तिथल्या तिथे पुसून काढायची. मी विचारायचे, कुठवर आलीस? ती काहीतरी आकडा सांगायची. एकदा म्हणाली, एकतीसशे झाले. पुढच्या रविवारी म्हणाली, अठ्ठावीसशे. मी म्हटलं, आई, तुझी मोजणी चुकतेय, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. ती म्हणाली, करीन ना, मला कुठे जायचंय. मी घरी येऊन मिस्टरांजवळ रडले. मला वाटलं, दुःखाने तिचं डोकं फिरत चाललंय.

मग मी ठरवलंच. तिला बदलापूरला माझ्याकडे आणायचं, खोली बंद ठेवायची आणि स्कूटर देऊन टाकायची. मिस्टरांच्या ओळखीचे एक गृहस्थ बदलापूरजवळच्या चामटोली गावचे. तिथून स्टेशनला यायचं तर रिक्षाची वाट बघण्यात त्यांची सकाळ जायची, त्यांना गाडी हवी होती. मला वाटलं होतं आई आकांडतांडव करील. ती फक्त एवढंच म्हणाली, माणूस बरा आहे ना? मी हो म्हटलं. मग आण त्यांना, म्हणाली.

ते गृहस्थ रविवारी सकाळी आले. गाडी सुरू करून पाहिली, टायर दाबून पाहिले. मागे हेल्मेट बांधलेलं बघून जरा संकोचले. मिस्टरांनी पिशवीतून वायर कापायची कातर काढली. मी आईचा दंड धरला, कारण आता ती मध्ये येणार हे मला ठाऊक होतं.

तिने माझा हात सोडवला. स्टूल आणलंच नव्हतं, म्हणून उभ्यानेच वाकली. चष्माही लावला नाही. अंगठ्याने एक चाक फिरवलं, दुसरं, तिसरं, चौथं. वायर सुटून तिच्या हातात आली.

मी विचारलं, "कधी मिळाला आकडा?"

"मिळायला काय, मला पहिल्यापासनं माहीत होता. त्यानंच सांगितलेला. मी विसरलो तर आई तू ध्यानात ठेव, बोलला होता."

मिस्टर कातर हातात धरून तसेच उभे. एवढे महिने ती आकडे लावत नव्हती तर काय करत होती, हे मी तिला विचारलं. आवाज चढला असावा माझा, कारण काका दुकानाच्या पायरीवर आले.

ती माझ्याकडे न बघता जॅकेटची बाही वायरमधून सोडवत होती. म्हणाली, "गाडीला कुलूप आहे म्हणजे तो कामावर गेलाय, बाय. सुटला की येईल. मी उघडलं असतं म्हणजे मग तो यायचाच नव्हता."

तिने हेल्मेटमधून हातमोजे काढले, एकात एक घातले आणि जॅकेटबरोबर माझ्याकडे दिले. हेल्मेट पदराने पुसलं आणि त्या गृहस्थांच्या हातात ठेवलं. ते नको नको म्हणत होते. ती म्हणाली, चांगलं आहे, वापरा, उघड्या डोक्याने जाऊ नका. मग ती वायर त्यांच्यापुढे धरली आणि चारही आकडे एकेक करून दाखवले. त्यांनी ते मोबाइलमध्ये लिहून घेतले.

"नुसतं लिहून नका ठेवू," ती म्हणाली. "घरात कुणाला तरी सांगून ठेवा."

ते हो म्हणाले. गाडी वळवून ते गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत ती बघत राहिली. मग कठडा धरत जिना चढून वर गेली. तिने दार आतून लावून घेतल्याचा आवाज मला खाली आला, आणि त्यानंतर ती रडायला लागली. मोठ्याने, पोराला हाका मारत. मिस्टर वर जायला निघाले, मी त्यांना थांबवलं.