पाचोळ्याची तीन पोती

सगळी वस्ती तिला मुकादम म्हणायची, पण मुकादम ती कधीच नव्हती. ती रस्ते झाडायची. खरा मुकादम, म्हणजे झाडणाऱ्यांची हजेरी घेणारा माणूस, चौकीतल्या खुर्चीवर बसून असे आणि तोही तिला जरा बिचकूनच असे. हे नाव तिला पडलं होतं ते तिच्या तोंडामुळे. कुणी गाडी आडवी लावली, कुणी गॅलरीतून केसांचा गुंतवळ खाली टाकला, की तिचा आवाज थेट चौथ्या मजल्यावर जायचा. "कोण आहे वर? केस तुमचे असतील, रस्ता सगळ्यांचा आहे!"

नवरा याच कामावर होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागेवर तिला घेतलं, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. हद्दही त्याचीच मिळाली: चार गल्ल्या आणि तीन रस्ते मिळतात तिथली त्रिकोणी मोकळी जागा. तिथे एक जुना शिरीष होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. झाडांवर तिचं प्रेमबिम काही नव्हतं. शिरीषाची पानं बारीक, खराट्याच्या काड्यांतून निसटणारी. पानगळीत तर पहाटे झाडून पुढे जावं आणि मागे वळून बघावं तो रस्ता जैसे थे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिने कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता, की हे झाड तोडावं, कामाला अडथळा होतो. साहेबाने अर्ज वाचला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे झाड या ऑफिसच्या आधीपासून आहे. अर्ज त्याने तुमच्याविरुद्ध करायला हवा." सगळे हसले. ती हसली नाही, पण पुन्हा अर्जही केला नाही.

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. दोन खोल्या. नणंदही एकटीच, शिवणाच्या कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे आणून काज-बटणं करायची. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी धड बोलणंही होत नसे. बोलणं म्हणजे टोमणे.

त्या त्रिकोणी जागेत कित्येक वर्षं कुणाच्या ना कुणाच्या घराचा राडारोडा येऊन पडायचा. एका वर्षी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकाने मनावर घेतलं. मोठा उत्साही माणूस. गोळ्या देता देता गिऱ्हाइकाला रविवारच्या श्रमदानाला यायचं कबूल करून घ्यायचा. पहिल्या रविवारी सात जण आले, दुसऱ्या रविवारी वीस. दात काढणारे डॉक्टर घमेली उचलायला लागले, शिंपीण रंगवलेल्या डब्यांत रोपं लावायला लागली.

"नव्याचे नऊ दिवस," मुकादम म्हणाली. "पुढच्या महिन्यात यातलं कुणी दिसलं तर माझं नाव बदला."

पण ते पुढच्या महिन्यातही दिसले आणि त्याच्या पुढच्याही. तेव्हा तिने आपणहून कोपऱ्यात एक खड्डा दाखवला आणि म्हणाली, "पाचोळा इथे टाकत जाते. खत होईल. तुम्ही पोतंभर खत विकत आणता, ते बघवत नाही मला."

दुसऱ्या वर्षी शिरीषाभोवती कट्टा झाला. निळ्या-पांढऱ्या फरश्यांचा, गोल, देखणा. चपलांना चिखल लागू नये म्हणून भोवतालची जमीनही बुंध्यापर्यंत सिमेंटने लिंपून घेतली. औषधवाल्याने हा सगळा खटाटोप मुख्यतः आपल्या आईसाठी केला होता. आजी नव्वदीच्या. घरात बसून भिंतींशी बोलायला लागल्या होत्या. कट्टा झाला आणि आजी रोज संध्याकाळी तिथे बसू लागल्या. त्यांच्याभोवती आणखी चार म्हाताऱ्या जमल्या आणि भिंतींची सुटका झाली.

त्यानंतरच्या वर्षी वस्तीने 'हिरवा रविवार' करायचं ठरवलं. रोपं वाटायची, गल्ल्या सजवायच्या, मुलांनी चित्रं काढायची. शिवाय शहरातल्या सगळ्यात सुंदर वस्तीची निवड करायला त्याच दिवशी परीक्षक येणार होते. जो तो रंगाचे डबे घेऊन धावत होता.

आणि त्याच दिवसांत ढकलगाडी भरताना मुकादमला काहीतरी खटकलं. एरवी या ऋतूत शिरीषाखालून अर्धी गाडीसुद्धा निघायची नाही. आता रोज दीड, मग दोन. पानगळ अजून चार महिने लांब होती. तिने पाचोळा मुठीत घेऊन पाहिला. वाळून गळलेली पानं कुरकुरीत असतात. ही मऊ होती, अर्धवट हिरवी, कडेने करपलेली.

ती औषधवाल्याकडे गेली. तो शिडीवर चढून पताका बांधत होता.

"भाऊ, झाडाचं काही खरं नाही. अवेळी गळतंय."

"मावशी, झाड म्हटलं की पानं गळणारच." खाली न बघताच तो म्हणाला. "एवढे दहा दिवस जरा दोनदा झाडून घ्या ना. परीक्षक यायचेत."

तिने खराटा उचलला आणि चालू लागली. त्या दिवशी गल्लीत कुणावरही ओरडली नाही, तेव्हा लोकांना वाटलं, तिला बरं नसावं.

घरी आल्यावर तिने नणंदेला सांगितलं. नणंद सुईत दोरा ओवत म्हणाली, "मग तुझं काय जातंय? मेलं तर मेलं. झाडायचं कमी होईल. जन्मभर त्याच्या नावाने बोटं मोडत आलीस ना?"

मुकादम जेवली नाही. ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "रोज भेटणारा माणूस असा सुकत चालला, तर विचारायला नको का?" नणंदेने प्रथमच सुई खाली ठेवली.

पुढचे तीन दिवस तिने शिरीषाखालचा पाचोळा सगळा खड्ड्यात टाकला नाही, रोज एक पोतं भरून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी, औषधाच्या दुकानात गर्दी असताना, तिने ढकलगाडी दारात उभी केली, तिन्ही पोती एकेक करून आत आणली आणि एकाचं तोंड उघडून काउंटरवर उपडं केलं. खोकल्याच्या बाटल्या पानांत बुडाल्या.

"औषध द्या," ती म्हणाली.

"मावशी! हे काय चालवलंय तुम्ही? कुणाला औषध?"

"ज्याची ही पानं आहेत त्याला. तीन दिवसांची आहेत. आणखी दोन पोती आहेत, ओतू?"

गिऱ्हाइकं हसायला लागली. औषधवाला लाल झाला. ओरडणारच होता, पण त्याने पानं बाजूला सारायला हात घातला आणि हात तिथेच थांबला. आयुष्यभर गोळ्यांचा रंग आणि कडा पारखलेला माणूस तो. त्याने एक पान उजेडात धरलं, मग दुसरं.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"शिडीवरून उतरला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं."

दुपारी तो रोपवाटिकेच्या बाईंना घेऊन आला. बाईंनी शेंड्याकडे पाहिलं, बुंध्याला हात लावला, सिमेंटवर टाच आपटली. "गळ्याशी फास लागलाय याच्या," त्या म्हणाल्या. "मुळांना ना हवा, ना पाणी. हे सगळं फोडा. आणखी वर्षभर असंच राहिलं, तर मलाही बोलावू नका."

संध्याकाळी कट्ट्यावरच सभा भरली. दात काढणारे डॉक्टर म्हणाले, रविवार होऊ दे, मग फोडू. शिंपीण म्हणाली, इतकी मेहनत घेतली आणि परीक्षकांना काय दगडविटा दाखवायच्या? कुणीतरी म्हणालं, रस्ता झाडणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून हे सगळं? हे तिच्या कानावर पडलं. ती उभी राहिली.

"माझ्या सांगण्यावरून नको," ती म्हणाली. "मी तर हे झाड तोडा म्हणून अर्ज केला होता. चोवीस वर्षं झाली. माझ्यावर विश्वास ठेवू नका. वर बघा." सगळ्यांनी वर पाहिलं. शेंड्यातून आभाळ दिसत होतं. दिसायला नको होतं.

औषधवाला मात्र आईकडे बघत होता. कट्टा फुटला तर त्या पुन्हा त्याच खोलीत, त्याच भिंतींशी. आजींना ते कळलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आजी म्हणाल्या. "मी खुर्ची घेऊन येईन. म्हातारीच्या बुडाखाली झाड मेलं, असं लोकांनी म्हणायला नको!"

पहिला हशा त्यांच्या मैत्रिणींचा फुटला, मग सगळ्यांचा.

ज्या गवंड्याने कट्टा बांधला होता त्यानेच तो फोडला. "आपलंच लेकरू आपण मारायचं," असं पुटपुटत होता, पण घाव नीट घालत होता, मुळांना धक्का न लावता. लोकांनी हातोहात तुकडे वाहिले. सिमेंटखालची माती निघाली ती विटेसारखी टणक, आंबूस वासाची. ती हलक्या हाताने उकरून मुकादमने आपल्या खड्ड्यातलं दोन वर्षांचं काळंभोर खत त्यात पसरलं. हे मात्र तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

रविवारी परीक्षक आले. गल्ल्या त्यांना आवडल्या, चित्रं आवडली. त्रिकोणात मात्र राडारोड्याचा ढीग होता आणि एक नव्वदीची बाई खुर्ची टाकून त्यांना सांगत होती की तुम्ही पुढच्या वर्षी या. बक्षीस दुसऱ्याच वस्तीला मिळालं. शिंपीण दोन दिवस मुकादमशी बोलली नाही. औषधवाल्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती पानांची गोष्ट सांगितली, आणि शिडीचा भाग एकदाही गाळला नाही.

झाड पूर्ण वाचलं असं नाही. रस्त्याकडची मोठी फांदी वाळलीच, ती कापावी लागली. फांदी उतरवली त्या दिवशी मुकादम दुसऱ्या गल्लीत झाडत राहिली. पुढच्या पालवीच्या वेळी उरलेल्या झाडाने लोकांना चांगलंच टांगणीला लावलं. बाकीची झाडं हिरवी झाली तरी हे तसंच. मग एका सकाळी फुटवे दिसले, बारीक, विरळ. आजींनी खुर्ची थोडी पुढे सरकवायला सांगितली, तिथे आता पुन्हा सावली यायला लागली होती.

त्या वर्षीच्या हिरव्या रविवारी परीक्षकांना कुणी बोलावलंच नाही. त्याऐवजी लोकांनी मुकादमला म्हटलं, आम्हाला आपल्याच वस्तीची झाडं दाखवा. "झाडं काय दाखवायची? रोज दिसतात," ती कुरकुरली, पण धुतलेलं पातळ नेसून आली. चारही गल्ल्यांतून तिने लोकांना फिरवलं. कुठल्या झाडाच्या पोटात पोकळी आहे, कुणी पंधरा वर्षांपूर्वीची तार गिळून टाकली आहे, कुणाच्या मुळाशी गटाराचा पाइप फुटलाय आणि म्हणून ते एवढं माजलंय, सगळं तिला पाठ होतं. मागे साठ-सत्तर माणसं. त्यांत गुडघे धरून चालणारी नणंदही होती, घराबाहेर सहसा न पडणारी.

"इतकी वर्षं तू हे बघत होतीस होय?" तिने विचारलं. "घरी कधी बोलली नाहीस ती."

"घरी तू बोलू देतेस का?" मुकादम म्हणाली, आणि मागच्यांना ऐकू जात नव्हतं म्हणून आवाज चढवून पुढच्या झाडाकडे वळली.