एमिल वोंद्राचेकची सही

एमिल वोंद्राचेकने ज्या एका कागदावर माझ्या सांगण्यावरून सही केली, तो मीच बँकेत बसून टाइप केला होता. चांगलंच करायला गेले होते हो मी, पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

हॉलिस काउंटीत एमिलला न ओळखणारा माणूस नव्हता. चाळीस वर्षं त्याने रेल्वेचे रूळ तपासले. सरळ माणूस, नको इतका सरळ. टपालवाल्यांनी चुकून जास्तीची तिकिटं दिली, तर हा सहा मैल गाडी हाकत जाऊन परत करून आला. बायको म्हणायची, "याच्याशी संसार म्हणजे रोज कोर्टात साक्ष." ती गेल्यावर तो मुलीकडे, आर्लिसकडे राहायला आला. आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घर भाड्याचं, आणि झोपायच्या खोल्या माडीवर. ऐंशी उलटली आणि एमिलचे गुडघे गेले. मग तो जिना बसून, एकेक पायरी मागे सरकत चढायचा. आर्लिसला ते बघवत नव्हतं.

अशात गावातल्या हॅगेमनांचं घर विकायला निघालं. निजायची खोली खालीच, न्हाणीघर लागून. आर्लिसच्या गाठीला काही नव्हतं, पण सरकारी हमीच्या ग्रामीण घरकर्जाला आधी एक दमडी भरावी लागत नाही. आमच्या बँकेत ती कर्जं मीच बघायचे. आमचं गाव त्यात बसत होतं, घरही बसत होतं. अट एकच अवघड होती. कर्ज आर्लिस एकटी काढणार असली, तरी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई मिळून ठरलेल्या आकड्याच्या आत हवी. तिचा पगार आणि एमिलची पेन्शन मिळून काठाकाठाने बसत होतं.

घात केला शेजारच्या क्रूगरबाईने. एमिल दर हंगामात त्यांच्या मक्याचा ट्रक चालवायचा, फुकट. शेजारधर्म. बसून करायचं काम, गुडघ्यांना त्रास नाही. त्या वर्षी बाईला वाटलं, म्हाताऱ्याचे उपकार किती घ्यायचे? त्याने नाही म्हणू नये म्हणून तिने रीतसर मजुरी लावली, पगाराची चिठ्ठी दिली. आमच्याकडची माणसं अशीच, मेली तरी कुणाचं देणं ठेवणार नाहीत.

ती चिठ्ठी एमिलने स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"एमिलकाका, ती घरी ठेवा. कुणी विचारत नाही," मी म्हणाले.

"विचारलंय की. इथे छापलंय, सगळी कमाई."

कमाई ठरलेल्या आकड्याच्या चारशे डॉलर वर गेली. दर हंगामाचं काम, म्हणून ती कमाई धरावीच लागली.

एकच वाट उरली. एमिल त्या घरातला नाही, असं दाखवायचं. आठ मैलांवर चर्चचा वृद्धाश्रम आहे, तिथे खोली रिकामी होती. मी आर्लिसला बाजूला घेतलं. "एकदा कर्ज होऊ दे. महिन्याभराने आण त्यांना परत. पण त्यांना सांगू नकोस, नाहीतर सही करायचे नाहीत." मग मी टाइप केलं, 'यापुढे मी कायमचा वृद्धाश्रमात राहणार असून मुलीच्या घरी राहणार नाही.' 'कायमचा' नसतं तर कागद शंका काढून परत आला असता.

एमिलने तो तीनदा वाचला. मग आर्लिसकडे बघत राहिला. ती काहीतरी बोलेल म्हणून थांबला होता तो. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी, लाज वाटते सांगायला, पेन पुढे केलं.

"घर मिळेल ना तुला?"

"मिळेल, बाबा."

त्याने सही केली.

फेब्रुवारीत किल्ल्या मिळाल्या. आर्लिसने न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून घेतले, नवी गादी आणली. आम्ही दोघी त्याला आणायला वृद्धाश्रमात गेलो.

"चला बाबा, घरी."

"मी लिहून दिलंय."

"ते कागदापुरतं हो. खोली तयार आहे तुमची."

एमिलने मला विचारलं, "टाइप करताना तुला ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हणाले.

"आणि तुला?"

आर्लिस रडायला लागली.

"म्हणजे माझ्या नावावर खोटं लिहवून घेतलंत. आता ते खरं करणं तेवढं माझ्या हातात आहे." तिने त्याचा हात धरला होता, तो त्याने सोडवून घेतला.

मला इतका संताप आला त्याचा. वाटलं, ओढून गाडीत घालावं. सरकारचा माणूस काही दारात पहारा द्यायला बसणार नव्हता. पण एमिलला कोण सांगणार?

चार वर्षं तो तिथे जगला. त्या घराचा उंबरा त्याने एकदाही ओलांडला नाही. आर्लिस दर रविवारी खसखशीचे कोलाचे, ते गोड पाव, भाजून न्यायची. तो खायचा, छान झालेत म्हणायचा. आणि ती निघाली की एवढंच विचारायचा,

"हप्ते वेळेवर भरतेस ना?"

"हो, बाबा."

"मग झालं."