चिंधी चालवून पाहिल्याशिवाय

चादरीचं एक टोक आईच्या हातात, दुसरं लेकीच्या. अर्धाच पीळ बसला होता, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, परगावची ती नोकरी मिळाली. खोलीही बघून आलेय. जाऊ ना?"

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करणारे. पायरीवर बसून एका मशीनला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, "नो प्रॉब्लेम!"

आईचा पीळ तिथंच थांबला.

हे दोन शब्द म्हणजे बाबांचं सगळं इंग्रजी. गल्लीतली पोरं त्यांना 'नोप्रॉब्लेमकाका'च म्हणत. कुणी आभार मानले, नो प्रॉब्लेम. कुणाच्या धक्क्यानं सुयांची डबी सांडली, तरी नो प्रॉब्लेम. भाजी खारट झाली की पाण्याचा तांब्या जवळ ओढून, जरा हळू आवाजात, नो प्रॉब्लेम. बाबांची आई म्हणायची, "माझा लेक इंग्रजी एवढंच शिकला, पण संसाराला पुरलं हो!"

कामात मात्र हा शब्द स्वस्त नव्हता. मशीन जोडून झालं की खिशातली चिंधी काढायची, सुईखाली सरकवायची, एक शिवण सरळ, एक वळणाची. मगच तो शब्द. गिऱ्हाईक घाईनं नाचत असलं तरी हेच.

आज चिंधी खिशातच राहिली होती.

"अहो," आई म्हणाली, "परक्याच्या मशीनला चिंधी, आणि पोटच्या पोरीला नुसतं तोंडानं?"

"मग काय, नको म्हणू?"

"नको कशाला? देवानं दिलंय, जाऊ दे. पण एकदा डोळ्यांनी बघून तरी या."

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, मनातून नसेल तर राहू दे."

बाबांनी तेलाचे हात पुसले. "तू गेलीस की घर खायला उठेल, म्हणून पटकन बोलून मोकळा झालो गं." मग म्हणाले, "त्या खोलीला आतून कडी आहे?"

"आहे. जरा ढिली आहे."

"ढिली?" बाबा ताडकन उठले. लेकीच्या हातातलं टोक घेऊन त्यांनी चादर अशी पिळली की आईचे पाय भिजले. "उद्या तुझ्याबरोबर येतो. दार लावून, उघडून बघतो. मग बोलतो."

आईचे हात चादरीत अडकलेले, म्हणून तिनं देवाला मनातूनच नमस्कार केला.

चादर दोरीवर पडली आणि बाबांनी चपला सरकवल्या. हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि स्क्रू आणायचे होते.