वेलचीचा चहा

वेलचीच्या चहाचा वास आला की मला दिल्लीजवळच्या मानेसरमधली ती केबिन आठवते. एका कार कंपनीच्या नव्या मॉडेलचे पार्ट बनवायचे, तर मोठं प्रेस मशीन आधी घ्यावं लागणार होतं आणि ऑर्डर नंतर मिळणार होती. तिथली रीतच तशी. मॉडेल नक्की येणार का, हे कंपनीचा परचेस मॅनेजर काही सांगत नव्हता. वर्षभरात त्याने आम्हाला साधं पाणीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बाहेर धुरकट हवेत भरदुपारी गाड्यांचे दिवे लागलेले, आणि हा स्वतः चहा मागवून म्हणतोय, "लीजिए ना, आराम से." बाहेर आल्यावर माझा भागीदार म्हणाला, "यार, काम झालं. नाहीतर हा माणूस कधी चहा पाजतो का?" मलाही तसंच वाटलं. त्याच आठवड्यात दोघांनी घरं तारण ठेवली आणि मशीन बुक केलं. मॉडेल आलंच नाही. पुढे कळलं, चहा पाजला तो त्या मॅनेजरचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. हल्ली मी दुसऱ्याच्या कंपनीत परचेस बघतो. आज एक सप्लायर समोर बसून माझा चेहरा वाचत होता. शिपायाने दारातून विचारलं, "सर, दो चाय?" मी नको म्हणून मान हलवली.