आईने बघणं सोडलं तेव्हा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला पेठ नाक्याच्या पलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आईला डोंगरातल्या आमच्या आदिवासी पाड्यावरून माझ्याकडे आणलं. आश्रमशाळेत शिकून मी पदवीधर झाले, आमच्या घराण्यातली पहिली, आणि एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वडील लवकर गेले होते. आईने नागलीच्या भाकरीवर मला वाढवलं होतं. आता तिला दारात पाणी आणि डोक्यावर पंखा मिळावा, एवढंच माझ्या मनात होतं.

घरामागच्या हातभर जागेत तिने काकडीचा वेल लावला. श्रावणात त्याला पहिली काकडी धरली. आमच्याकडे नवं धान्य, नवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. घातलं तर बाधतं, असं मानतात. गल्लीतल्या एका मुलाने ती काकडी तोडून चावली, तशी आई धावत बाहेर आली.

"नको खाऊ रं! थुक, थुक ती! आजारी पडशील!"

गावाकडे कुठलीही बाई कुणाच्याही लेकराला असंच ओरडली असती. पण पुढच्याच आठवड्यात त्या मुलाला ताप भरला. तेव्हा पाणी गढूळ येत होतं आणि गल्लीतली निम्मी मुलं आजारी होती. त्या मुलाच्या आईच्या कानात मात्र माझ्या आईचं वाक्य राहून गेलं.

भांडण झालं नाही. कुणी आवाजही चढवला नाही. संध्याकाळी मी शाळेतून परत यायचे तेव्हा मुलं लगोरी खेळत असायची. आई तांदूळ निवडायला ओट्यावर येऊन बसली की आवाज थांबायचा. मुलं पळून जायची नाहीत, तर एकेक करून आत ओढली जायची. मधोमध लगोरीच्या चिपा तशाच पडलेल्या. दिवेलागणीला घराघरातून मिरच्या जाळल्याचा वास यायचा. सकाळी आमच्या उंबऱ्यावर मीठ-मोहरी पडलेली असायची. टाकताना कोणी कधी दिसलं नाही.

त्या मुलाची आई एकदा नळावर भेटली. फार गोड बोलली.

"मॅडम, तुमचं काही नाही हो. तुम्ही शिकलेल्या. पण तिकडच्या बायकांना येतं ना काहीबाही."

"तिकडच्या म्हणजे? मीही तिकडचीच आहे," मी म्हणाले.

"नाही हो, तुम्ही तशा वाटत नाही," ती म्हणाली आणि हंडा उचलून चालती झाली. ती माझं कौतुक करत होती.

मग आई बदलली. रस्त्याने जाताना पदर कपाळाखाली ओढू लागली. समोरून मूल आलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. एकदा घरी आले तर आरसा भिंतीकडे फिरवलेला आणि आई अंदाजाने केस विंचरत होती.

"माझ्या डोळ्यात तुला काय दिसतं का गं?" तिने विचारलं.

"काय दिसायचं? तुझेच डोळे आहेत."

"माझी थोरली बहीण पण आधी असल्या बोलण्याला हसायची," आई म्हणाली. "मंग तिलाच वाटाया लागलं, का आपल्यात काय तरी हाय."

त्या मावशीला आमच्याच गावाने डाकीण ठरवलं होतं. पुढे ती शिवेवरच्या झोपडीत एकटी राहिली आणि एकटीच गेली. लहानपणी आम्ही पोरं त्या झोपडीवरून पळत जायचो. शहरातल्या माणसांनी काही नवीन शोधून काढलं नव्हतं. इथे डाकीण ठरवायला आमची जमात पुरेशी होती, एवढंच.

"मला शेतावर नेऊन सोड," आई रोज म्हणू लागली. "माणसात नको." ती गेली तर मावशीसारखीच जगणार, हे मला दिसत होतं.

समोर एक काकू राहायच्या. निफाडकडच्या शेतकरी घरातल्या, नवरा एस.टी.त कंडक्टर. त्याही इतके दिवस गप्प होत्या. एके दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला देवळात नेऊ. सगळ्यांसमोर शपथ घेऊ दे, की मी काही केलं नाही. मिटेल सगळं."

"काकू, शपथ तिने का घ्यायची?"

काकूंनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेल्या. मला वाटलं, हेही दार बंद झालं.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. मागे बाळंतपणाला आलेली मुलगी, तिच्या कडेवर तान्हं बाळ.

"चुकलंच माझं," काकू उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या. "बरं, माझे गुडघे गेलेत. बाळाला न्हाऊ घालायला कुणी नाही. ताई, तुम्ही घालता का?"

"नको बाय," आई आतून म्हणाली. "माझी नजर..."

"नजरेने कोण अंघोळ घालतं? हात आहेत ना?"

"आई, नको ना," मुलगी कुजबुजली.

"तू गप. आणि ताई, आत नाही, ओट्यावर. उन्हात."

आई पाय पसरून बसली, बाळाला पायांवर घेतलं आणि डोळे घट्ट मिटले. तशीच तेल चोळत राहिली. खिडक्यांमागे पडदे हलत होते.

"काकू, नातू जड झाला काय?" वरून कुणीतरी टोमणा मारला.

"जड झाला म्हणूनच दिलाय. तुझे गुडघे देतेस का?"

रोज असंच चाललं. आईचे डोळे मात्र एकदाही उघडले नाहीत. मग बाळाला लस टोचली आणि संध्याकाळी ताप आला. गल्लीला लगेच कळलं. पुन्हा मिरच्यांचा वास सुटला. समोरचं दार बंद होतं.

सकाळी आईने बोचकं बांधलं. "ती नाय येणार. येऊ पण नये." मी शाळेत गेले नाही. अंघोळीची वेळ टळून गेली. गल्लीत एकही आवाज नव्हता.

कडी वाजली. काकू होत्या, पण या वेळी बाळ मुलीनेच आणलं होतं.

"उशीर झाला," काकू म्हणाल्या. "रात्रभर किरकिर. डॉक्टर म्हणाले, लसीचा ताप आहे. आज अंघोळ नको, अंग पुसा नुसतं."

मुलीने स्वतः बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. "मावशी," ती म्हणाली, "डोळे मिटून नका घेऊ. पडेल तो."

आईने डोळे उघडले. बाळ पापणी न हलवता तिच्याकडेच बघत होतं.

"कसा बघतो, चोरटा," आई म्हणाली. मग फडका पिळून ती त्याचं अंग पुसू लागली.

गल्लीतली काही दारं पुढेही कधी उघडली नाहीत. बोचकं आठवडाभर कोपऱ्यात पडून होतं. एक दिवस शाळेतून आले, तर त्यातली लुगडी धुऊन पुढच्या दोरीवर वाळत घातलेली दिसली, आणि आई ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली होती.