गिलक्याचा वेल आणि पाहुण्या मुंग्या

भुसावळला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागे अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, गिलक्याचा वेल असायचा. बी तिच्या सासूच्या माहेरचं. दरवर्षी एक गिलकं वेलावरच वाळवायचं आणि त्याचं बी राखेत घालून डबीत ठेवायचं, हा तिचा नेम. वेल असा माजायचा, की छाटला नाही तर ड्रायव्हरांना सिग्नल दिसत नसे.

पानांच्या बेचक्यात गोड, चिकट थेंब यायचे. काळ्या मुंग्या ते चाटायच्या आणि वेलावर अळी दिसली की तिचे लचके तोडायच्या. फुलांचं काम भुंग्यांकडे. खातेवाटप चोख.

मी तेव्हा पार्सल ऑफिसात होतो. बंदरावरून आलेला एक फुटका खोका सरपणाला म्हणून घरी आणला. त्यातून लांब पायांच्या पिवळ्या मुंग्या निघाल्या आणि गाडी चुकल्यासारख्या सैरावैरा धावल्या.

"मारू का?"

"पाप लागी! जीव शे ना तो बी," अक्का म्हणाली. काळ्या मुंग्यांना रोज घालायची ती साखर-पिठाची चिमूट तिने त्यांच्याही पुढे टाकली.

पंधरा दिवसांत पाहुण्या कोटभर झाल्या. मी मोजल्या नाहीत, पण कमी नसाव्यात. काळ्या एकजात बदली झाल्यासारख्या गेल्या. नव्या थेंब चाटायच्या, पण अळीकडे ढुंकून बघायच्या नाहीत. उलट वेलाचा रस पिणाऱ्या पांढऱ्या ढेकणांची गुराख्यासारखी राखण करायच्या. फुलांत त्यांची एवढी गर्दी, की भुंगा टेकला न टेकला तोच चटका बसल्यासारखा उडायचा. फुलं नुसती गळायची. श्रावण सरला तरी गिलकं एकही नाही, आणि डबीत बी शिल्लक नव्हतं.

साखर बंद झाली. त्यांना काही फरक पडला नाही. मग मी ड्युटीआधी नर फुलं तोडून मादी फुलांत फिरवू लागलो.

शेजारचे नाना कुंपणावरून ओरडले, "काय रे, नोकरी सोडीसन भवरा व्हयना का?"

"पगार नाही नाना, पण मध आहे!"

एकच गिलकं धरलं. मुंग्या पोचू नयेत म्हणून त्याच्या देठाला मी सगळीकडून ग्रीस फासलं. गिलकं वाळल्यावर अक्काने फोडलं. बहुतेक बिया पोचट; भरलेल्या सात.

तिने तीन डबीत ठेवल्या आणि चार एरंडोलच्या नणंदेकडे माझ्याबरोबर धाडल्या. तिथे अजून काळ्या मुंग्या होत्या. एसटीत चढण्याआधी तिने मला सगळ्या स्टँडसमोर पिशवी, चपला आणि खिसे तीनदा झटकायला लावले.